हे खातं कुणाचं?

नाशकात माझं काम म्हणजे लोकांच्या ऑफिसातले कॉम्प्युटर, त्यांची लॉगिनं, त्यांचे मेल आणि त्यांचा डेटा नीट चालू ठेवणं. अंबड-सातपूरमधले काही छोटे कारखाने, कॅनडा कॉर्नरकडची सीएंची ऑफिसं, एक पतसंस्था, एक जुना छापखाना, गंगापूर रोडवरचे दवाखाने, असा सगळा पसारा. फोन येतो तो बहुतेक वेळा प्रिंटरसाठी नाहीतर 'नेट स्लो झालंय' म्हणून, त्यामुळे लोकांना वाटतं हा मशीनवाला माणूस आहे. मशीनचं काम मला आवडतंच, पण मशीन आज ना उद्या दुरुस्त होतं, नाहीतर नवीन येतं, त्यावाचून कुणाचं फार काळ अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. म्हणून कुठल्याही नव्या ऑफिसात गेलो की मी एकच प्रश्न धरून बसतो, हे कुणाचं? हे खातं कुणाचं, हा फोल्डर कुणाचा, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो, बॅकअप झाला का नाही हे बघायचं काम कुणाचं. जिथं एका माणसाचं नाव पटकन येतं तिथली मला काळजी नसते. जिथं 'ते होतं ना आपोआप' असं उत्तर येतं, तिथं आज ना उद्या घोळ होणार हे मला आता पक्कं माहितीय.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार सांगतो. अंबडमधलं एक वर्कशॉप, ऑटो पार्टचं जॉबवर्क करणारं. बऱ्याच वर्षांपूर्वी शेठनी अकाउंट बघणाऱ्या पोराला सांगितलं, 'कंपनीच्या नावानं एक जीमेल काढून टाक रे.' त्यानं काढलं. मोबाईल नंबर मागितला तर स्वतःचा टाकला, कारण त्या वेळी खिशात तोच होता. मग त्या एका मेलवर एकेक गोष्ट चढत गेली, मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडर पोर्टलची नोंदणी, ड्रॉइंग, पर्चेस ऑर्डरी, बँकेची स्टेटमेंट, जुलै २०१७ ला जीएसटी आला तर त्याचंही रजिस्ट्रेशन त्याच मेलवर. मधे तो पोरगा चाकणला गेला, पगार चांगला मिळाला म्हणून. आणि एक दिवस ऑफिसातला कॉम्प्युटर बदलला, गूगलनं नव्या मशीनवर कोड मागितला, आणि कोड गेला चाकणला.

शेठ भडकले. 'मुद्दाम करून ठेवलंय त्यानं, मी सांगतो तुम्हाला.' मी म्हटलं शेठ, थांबा, त्याला कुणी सांगितलं होतं का नंबर कुणाचा टाकायचा? त्याला काम सांगितलं, त्यानं हातात होतं त्यातून करून दिलं. जेवणाच्या सुट्टीत फोन लावला, पहिल्याच रिंगला उचलला, 'बोला ना दादा, कसे आहेत सगळे?' कोड सांगितला, वर स्वतःहून म्हणाला, माझा नंबर काढून टाका ना एकदाचा, मला अधूनमधून कोड येत राहतात आणि मला उगाच टेन्शन येतं. चांगला पोरगा म्हणून निभावलं. पण त्याचा नंबर बंद पडला असता तर? आपल्याकडं बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, म्हणजे एका कारखान्याची सगळी कागदपत्रं ज्या नंबरावर टांगलेली आहेत तो नंबर कुण्या तिऱ्हाईताच्या फोनमधे. यात वाईट कुणीच नाही, ना तो पोरगा, ना शेठ, ना तो तिऱ्हाईत. फक्त पहिल्या दिवशी कुणी विचारलं नाही की हे खातं कंपनीचं का या पोराचं.

आता अशा ठिकाणी मी आधी कंपनीच्या नावाचं एक सिमकार्ड घ्यायला लावतो. साधा बटणाचा फोन, ऑफिसातच राहतो, बिल कंपनी भरते. मेल माणसाच्या नावानं न काढता कामाच्या नावानं काढायचे, अकाउंटचा एक, डिस्पॅचचा एक, आणि सगळ्यांच्या वरची अॅडमिनची चावी दोन माणसांकडं, एकाकडं कधीच नाही. यात भारी असं तंत्रज्ञान काहीच नाही. एक दुपार लागते. पण ही दुपार काढायला लोक तयार होत नाहीत कारण त्या दिवशी सगळं चालू असतं ना.

खातं काढणं ही फार सोपी गोष्ट आहे, दोन मिनिटांचं काम. माझ्या कामातली सगळी अवघड वेळ येते ती माणूस सोडून जाताना, आणि मला याचं फार वाटतं की ऑफिसं हे नीट करत नाहीत. माणूस राजीनामा देतो, फुलांचा गुच्छ, समोसे, फोटो, सगळं होतं, आणि मला कळतं ते पंधरा दिवसांनी, 'त्याचं ते आयडी उडवून टाका' असा मेसेज येतो तेव्हा. मी उडवत नाही. आधी बंद करतो, म्हणजे लॉगिन होणार नाही पण खातं जिवंत राहील, आणि महिनाभर तरी तसंच ठेवतो. कारण एकदा डिलीट केलं की परतीचा रस्ता छोटा असतो, गूगल वर्कस्पेसमधे डिलीट केलेला युझर २० दिवसांत परत आणता येतो, मायक्रोसॉफ्ट ३६५ मधे ३० दिवसांत, त्यानंतर मेल गेले ते गेले. आणि नेमकं चाळिसाव्या दिवशी ऑडिटर विचारतो की त्या ऑर्डरचं कन्फर्मेशन कुठाय.

विंडोज सर्व्हरवर तर अजून एक खोच आहे, ती लोकांना सांगितली तरी पटत नाही. तुम्ही डोमेनवर, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांची खाती ठेवणाऱ्या सर्व्हरवर, 'संतोष' नावाचं खातं डिलीट केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'संतोष' याच नावानं काढलं, पासवर्डसुद्धा तोच ठेवला, तरी सर्व्हरसाठी हा नवा माणूस असतो. कारण सर्व्हर नाव बघतच नाही, तो प्रत्येक खात्याला आतून एक लांबलचक नंबर देतो, एस-१-५-२१ असा सुरू होणारा, आणि फोल्डरवरचे हक्क त्या नंबराला दिलेले असतात. सातबाऱ्यावर तुमच्यासारखंच नाव आहे म्हणून गावातली दुसऱ्याची जमीन तुमची होते का, तसंच हे. जुन्या सर्व्हरवर एखाद्या फोल्डरची प्रॉपर्टी उघडून सिक्युरिटीच्या टॅबवर गेलात तर तुम्हाला दिसेल, वर दोन-तीन ओळखीची नावं आणि खाली नुसते नंबर, नावाच्या जागी 'अकाउंट अननोन'. ते सगळे सोडून गेलेले लोक. कुणी तिथं पंधरा वर्षं डिस्पॅच बघितलेलं असतं, कुणी त्या फोल्डरची सगळी रचना लावलेली असते. नंबरावरून सांगता येत नाही कोण होतं ते. म्हणून मी आता खातं बंद करायच्या आधी त्या माणसाच्या नावासकट एक कागद करतो, त्याच्याकडं कुठले फोल्डर होते, कुठले शेअर केलेले होते, पुढं कुणाकडं गेले. फाईल कॉम्प्युटरवर, आणि एक प्रिंट कपाटात.

आणि दुसरी बाजू, माणसाची. सात-आठ वर्षं एका कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाचं त्यात फक्त कंपनीचं काम नसतं. पोराच्या अॅडमिशनचा फॉर्म असतो, घराच्या कर्जाचे कागद, आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट स्कॅन केलेले, बायकोचा बायोडाटा. हे बरोबर का चूक ते कंपनीनं ठरवावं, पण असतं हे खरंय. काही ठिकाणी राजीनामा दिला त्याच मिनिटाला लॉगिन बंद करून माणसाला गेटपर्यंत सोडतात, मला ते बघवत नाही. मी शेवटच्या दिवशी त्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसतो, म्हणतो चला ताई, तुमचं काय काय आहे ते काढून घेऊ, आणि ऑफिसचं काय आहे ते मला दाखवा. दोघांच्या डोळ्यासमोर होतं, कुणाला संशय नको. अर्ध्या तासात जे कळतं ते कुठल्याच हँडओव्हर फॉर्ममधे येत नाही, कारण बोलता बोलता ताई म्हणतात, 'आणि हो, तो डेस्कटॉपवरचा जुना म्हणून फोल्डर आहे ना, तो काढू नका हं, सगळे रेट त्यातच आहेत.' नंतर मालक म्हणतो त्यांचे सगळे मेल मला उघडून द्या. मी विचारतो, कशासाठी? ऑर्डरींसाठी हवे असतील तर ऑर्डरींचे देतो. आता तर वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही आहे, पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच राहिलं असतं.

पासवर्डबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण यात वापरणाऱ्या माणसावर फार अन्याय होतो. सातपूरच्या एका वर्कशॉपमधे क्वालिटीच्या टेबलावर एक पीसी, तीन शिफ्ट, आणि एकच लॉगिन, पासवर्ड मॉनिटरच्या कडेला स्केचपेननं लिहिलेला. ऑडिटला आलेले साहेब तो बघून केवढे ओरडले. मी मात्र त्या टेबलाजवळ एक अख्खी शिफ्ट उभा राहिलो. हाताला कूलंट लागलेलं, ग्लोव्हज काढायचे, पार्ट गेजवर लावायचा, रीडिंग टाकायचं, परत ग्लोव्हज, आणि पीसी इतका जुना की लॉगआउट होऊन दुसऱ्याचं लॉगिन व्हायला दोन-तीन मिनिटं खातो. तेवढ्यात मागं दोन ट्रे साचतात. कुठला ऑपरेटर दर वेळी स्वतःच्या नावानं लॉगिन करेल सांगा. त्यानं नियम मोडला असं म्हणणं सोपंय, पण नियम करणाऱ्यानं तिथं एकदा उभं राहून बघितलं नव्हतं.

ही गोष्ट काही आजची नाही. कॉम्प्युटरवर माणसागणिक पासवर्ड आले ते १९६१ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमधे, फर्नांडो कोर्बातो यांच्या सीटीएसएस नावाच्या सिस्टीमवर, एक मशीन आणि वापरणारे बरेच, तर ज्याच्या त्याच्या फाइली ज्याच्या त्याला राहाव्यात म्हणून. तिथं प्रत्येकाला वेळ वाटून दिलेला असायचा. १९६२ मधे अॅलन शेर नावाच्या तिथल्याच संशोधकाला त्याचा वेळ पुरेना, तर त्यानं पासवर्डची अख्खी फाईलच प्रिंट करून घेतली आणि दुसऱ्यांच्या खात्यावर काम उरकलं. म्हणजे पासवर्ड आला आणि वर्षभरात दुसऱ्याचं लॉगिन वापरणं पण आलं, आणि कारण काय तर कामाला वेळ पुरत नव्हता. सातपूरच्या ऑपरेटरचं कारण तरी वेगळं काय आहे? पुढं १९६६ मधे त्याच सिस्टीमवर दोन फाइलींची अदलाबदल होऊन रोजच्या सूचनेच्या जागी लॉगिन करणाऱ्यांपुढं पासवर्डची यादीच छापून आली होती, तो वेगळाच घोटाळा.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, हा नियम आपल्याकडच्या ऑफिसांत अजून पाठ केल्यासारखा लावतात. त्याचा उगम अमेरिकेतल्या निस्ट या, तंत्रज्ञानाची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत आहे, लिहिणारे बिल बर. त्याच बर यांनी २०१७ मधे उघडपणे सांगितलं की त्यातल्या बऱ्याच सल्ल्याचा आता पश्चात्ताप होतो, आणि त्याच वर्षी निस्टनंही नवीन नियम काढले, की उगाच ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका, पासवर्ड लांब असू दे, आणि फुटल्याचं कळलं तर जरूर बदला. कारण माणूस काय करतो ते सगळ्यांना माहितीय, गणपती@१ चं गणपती@२ करतो, मग गणपती@३. यात माणसाचा आळस नाही, डोक्यात ठेवायच्या गोष्टींना मर्यादा असते आणि त्याला दिवसभर दुसरंही काम असतं. मी आता लोकांना तीन-चार साधे शब्द सलग लिहायला सांगतो, त्यांच्याच घरातले, शेतातले, पण ओळीनं अर्थ न लागणारे. एकदा बसला की वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

सातपूरला मग आम्ही काय केलं, तर विंडोजचं लॉगिन सगळ्यांसाठी एकच राहू दिलं, त्यातून बाकी काही उघडणार नाही असं आवळून टाकलं, आणि रीडिंग भरायच्या सॉफ्टवेअरमधे प्रत्येकाला चार आकडी नंबर दिला, तो ग्लोव्हजसकट की-पॅडवर दाबता येतो. हे करायला भाग पाडलं ते एका रिजेक्ट झालेल्या लॉटनं. रीडिंग चुकीचं पडलं होतं, लॉगिन सगळ्यांचं एकच, तर रात्रपाळीच्या एका भाऊंवर आळ आला, का तर ते नवीन होते. तीन दिवस तो माणूस कुणाशी बोलला नाही. शेवटी शिफ्टच्या हाताच्या रजिस्टरवरून निघालं की ती एंट्री त्यांची नव्हतीच. तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगत असतो, स्वतःचं वेगळं खातं हे मालकासाठी असतं असं समजू नका, उद्या तुमच्यावर खोटा आळ आला तर तेच तुमच्या बाजूनं बोलतं.

बॅकअपची गोष्ट काढली की ३१ मार्च आठवतो. जगभरात तो दिवस बॅकअप डे म्हणून पाळतात, २०११ पासून, आणि आपल्याकडं त्याच दिवशी आर्थिक वर्ष संपतं, सीएंच्या ऑफिसात त्या आठवड्यात पाणी प्यायला फुरसत नसते. तिथला जीव सगळा टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधे. टॅलीचा डेटा म्हणजे डेटा नावाचा फोल्डर आणि त्यात नुसत्या नंबरांचे फोल्डर, एकेका पार्टीचं वर्षानुवर्षांचं पुस्तक त्या एकेका नंबरात. बरेच लोक बॅकअप म्हणून डेस्कटॉपवरचं टॅलीचं चित्र पेनड्राइव्हवर ओढतात. तो शॉर्टकट असतो, दोन-तीन केबीचा, आत काहीच नाही. हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय, आणि करणारी माणसं अतिशय काळजी घेणारी, दर शनिवारी न चुकता करणारी. त्यांना कधी कुणी सांगितलंच नाही की चित्र वेगळं आणि डेटा वेगळा. अशा वेळी हसायचं नाही, हा माझ्या कामातला पहिला नियम. एकदा का माणसाला वाटलं की हा आपल्याला हसतोय की पुढच्या वेळी तो काय झालं ते सांगत नाही, 'मी तर काहीच नाही केलं' म्हणतो, आणि मग खरं काय झालं ते शोधण्यात निम्मा दिवस जातो. आणि टॅली व्हॉल्टचा, म्हणजे टॅलीच्या डेटाला लावलेल्या कुलपाचा पासवर्ड कुठंतरी दोन माणसांकडं असू द्या रे बाबांनो, तो विसरला तर डेटा समोर दिसत असून उघडत नाही, टॅलीवालेसुद्धा उघडून देऊ शकत नाहीत.

तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केला. नाशिककरांना त्यातली 'दुसरी जागा' समजावून सांगायला मला कधी वेळ लागत नाही. गोदावरीला पूर आला की आपण विचारतो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं? २००८, २०१६, २०१९, तिन्ही पूर लोकांच्या डोळ्यासमोर आहेत. भांडी बाजार, सराफ बाजार या भागातल्या दुकानांत कॉम्प्युटर असतो काउंटरच्या खाली, आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच काउंटरच्या ड्रॉवरमधे. दोन कॉप्या आहेत म्हणून माणूस निश्चिंत, आणि पाणी दोन्हींना एकदमच भेटतं. कॉप्या किती यापेक्षा त्या एकमेकींपासून किती लांब आहेत याला मी जास्त किंमत देतो. एक कॉपी वरच्या मजल्यावर पण नको, पार नाशिकरोडला मेहुण्याकडं ठेवा, इंदिरानगरला ठेवा, क्लाउडवर ठेवा. आणि सतत लावून ठेवलेली हार्डडिस्क मी बॅकअप धरतच नाही, कारण रॅन्समवेअर, म्हणजे डेटा लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, शिरलं तर ते कॉम्प्युटरबरोबर तीपण लॉक करतं.

२७ जून २०१७ ला नोटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, त्यात मर्स्क ही जहाजवाहतुकीची कंपनी आडवी झाली, आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल बंद पडलं, नाशकातून माल पाठवणारे कितीतरी लोक त्या बंदरावर अवलंबून. मर्स्कचं काय झालं ते मला सारखं आठवतं. कंपनीत कुणाचं खातं कुठलं, कुणाला काय हक्क, ही यादी ज्या सर्व्हरांवर असते त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. मर्स्ककडं असे जगभरात दीडशेच्या आसपास होते, सगळे एकमेकांची कॉपी ठेवायचे, म्हणून त्या यादीचा वेगळा बॅकअपच नव्हता. व्हायरसनं सगळे एकदम पुसले. एक वाचला, घानामधला, का तर त्या वेळी तिथली लाईट गेली होती. त्या एका मशीनवरून पुन्हा सगळं उभं केलं. इतक्या मोठ्या कंपनीचं नशीब कुठल्यातरी गावात लाईट जाण्यावर होतं, आणि माल नव्हता गेला, जहाजं नव्हती बुडाली, फक्त कोण कोण आहे ते सांगणारी यादी गेली होती.

त्याच वर्षी जानेवारीच्या ३१ तारखेला गिटलॅब या, प्रोग्रामर लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीमधे एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच-पाच सोयी केलेल्या, आणि वेळेला एकही नीट कामाला आली नाही. एक बॅकअप तर कधीपासून फेल होत होता आणि तसं सांगणारे मेलच पोचत नव्हते. कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेली एक कॉपी होती, तिच्यावर निभावलं. मला त्या कंपनीचं मनापासून कौतुक वाटतं ते यासाठी की त्यांनी सगळा अहवाल जगापुढं ठेवला, आणि त्यात स्वतःलाच विचारलं की बॅकअप तपासून का बघितला जात नव्हता, तर उत्तर लिहिलं की ती जबाबदारी कुणाचीच नव्हती. इतकं सरळ. माझ्या पतसंस्थेतही हेच होतं, जगातल्या नावाजलेल्या कंपनीतही हेच होतं.

म्हणून आता मी ज्या ज्या ऑफिसात जातो तिथं बॅकअपसाठी एका माणसाचं नाव घेतो, शक्यतो मालकाचं नाही, रोज तो डेटा वापरणाऱ्याचं. महिन्यातून एकदा तो माणूस एक फाईल निवडतो, मी ती बॅकअपमधून काढून त्याच्यासमोर उघडतो, तो बघतो की आकडे बरोबर आहेत का. नुसतं हिरवं टिकमार्क दिसलं म्हणून मी बॅकअप झाला म्हणत नाही. पतसंस्थेतल्या मॅडम तर मुद्दाम अवघड फाईल मागतात, 'गेल्या दिवाळीच्या आधीचं व्याजाचं शीट काढा बरं,' आणि निघालं की मग चहा सांगतात.

एका गोष्टीचं अजून समाधानकारक उत्तर माझ्याकडं नाही, माणूस अचानक गेला तर. एक डॉक्टर गेले, लॅपटॉप अपडेट झाल्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेल्या कुलपाची ४८ आकडी किल्ली मागायला लागला, ती किल्ली त्यांच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, त्या खात्याचा कोड त्यांच्या फोनवर, आणि फोन त्यांच्या बोटानं उघडणारा. त्यांच्या पत्नीला आत काय हवं होतं तर नातवाच्या बारशाचे फोटो, आणि पेशंट लोकांचे रिपोर्ट परत द्यायचे होते म्हणून त्या जास्तच अस्वस्थ होत्या. वहिनींना फोनचा पिन आठवला म्हणून रस्ता निघाला. गूगलमधे २०१३ पासून सोय आहे, इतके महिने मी लॉगिन केलं नाही तर माझा डेटा अमक्याला द्या असं आधीच लिहून ठेवता येतं. २०२३ च्या कायद्यातही आपल्या डेटासाठी नॉमिनी नेमायची तरतूद आहे. बँकेच्या एफडीला नॉमिनी लावायला आपण विसरत नाही, मग हे का राहतं? आपापल्या घरी ही सेटिंग लावा, दहा मिनिटं लागतात, मी माझ्या सगळ्या क्लायंटच्या मागं लागून करून घेतो.

आणि आता सध्या ज्यात माझा जीव अडकलाय ते काम. तो जुना छापखाना. १९९० नंतरचा सगळा मजकूर, दिवाळी अंक, स्मरणिका, गावोगावच्या देवस्थानांचे इतिहास, संस्थांचे अहवाल, सगळं पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरमधे, श्रीलिपीत नाहीतर दुसऱ्या कुठल्या तेव्हाच्या फॉण्टमधे. मालकांनी सगळं जपून ठेवलंय, फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून हार्डडिस्कवर, एक फाईल हरवलेली नाही. पण फाईल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिखल. त्या काळी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली होती, फॉण्ट असला की मराठी दिसायचं, फॉण्ट गेला की नुसता कचरा. युनिकोडमधे, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची ठरलेली जागा देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमधे ती नीट चालायला लागली विंडोज २००० पासून, आणि छापखाने त्यानंतरही कित्येक वर्षं जुन्यावरच होते कारण पेजमेकरला युनिकोड कळायचंच नाही. म्हणजे डेटा आहे, बॅकअप आहे, आणि वाचता येत नाही. हा प्रकार महाराष्ट्रात किती छापखान्यांत, किती वर्तमानपत्रांत पडून असेल या विचारानं मला खरंच कालवाकालव होते.

जुन्या फॉण्टचा मजकूर युनिकोडमधे बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते एकदम विश्वासानं चालवता येत नाहीत. जुन्या फॉण्टमधे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण डोळ्याला ती आधी दिसते, युनिकोडमधे ती अक्षरानंतर येते, मग जोडाक्षर आलं की वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. रफार तसाच. आणि 'वाऱ्यावर' मधला तो अर्धा र, तो तर हमखास मोडतो. म्हणून मी ठरवून टाकलंय, मूळ फाईल जशीच्या तशी ठेवायची, तिला हात लावायचा नाही, तिच्याबरोबर तिचा फॉण्ट ठेवायचा, पानाची पीडीएफ ठेवायची, आणि युनिकोडची नवीन फाईल शेजारी. चार गोष्टी एका फोल्डरमधे, आणि फोल्डरला नाव वर्षाचं आणि संस्थेचं.

तपासायला कोण, हा प्रश्न आला तेव्हा मालकांनी त्यांच्या जुन्या मुद्रितशोधक काकांना फोन केला, रिटायर होऊन पंचवटीत राहतात. मी त्यांना स्वतःचं वेगळं लॉगिन करून दिलं, अक्षर मोठं करून दिलं, पासवर्ड त्यांनीच निवडला आणि मला सांगितला नाही, हे मला फार आवडलं. आठवड्यातून दोनदा येतात, १९९४ ची स्मरणिका झाली, १९९५ ची चालू आहे. परवा फोन आला, 'अहो, तुमच्या त्या कन्व्हर्टरनं "दृष्टी" चं काय केलंय ते बघा जरा, आणि मी दुरुस्त केलेलं तसंच राहतंय ना? कुणी पुसत तर नाही ना मागनं?' मी म्हटलं काका, तुमच्या खात्यात फक्त तुम्हीच बदल करू शकता, आणि रोज रात्री त्याची कॉपी दुसऱ्या जागी जाते, शनिवारी येतो तेव्हा त्यातूनच एक पान उघडून दाखवतो. म्हणाले, 'मग सतरावं पान काढा, त्यात सगळ्यात जास्त चुका होत्या.'